स्केटबोर्डची फळी निवडताना: आकार, लाकूड आणि कारखाना

स्केटबोर्ड घ्यायचा ठरला की बहुतेकांची खरेदी चित्रापासून सुरू होते. फळीच्या खालच्या बाजूला कवटी आहे, ड्रॅगन आहे की एखाद्या ब्रँडचं ठसठशीत नाव, यावर बोर्ड पसंत केला जातो. मग किमतीची घासाघीस होते, आणि अगदी शेवटी दुकानदाराला विचारलं जातं, ‘‘चांगला आहे ना?’’ हा क्रम उलटा हवा. चित्र काँक्रीटच्या कडांवर घासून काही आठवड्यांत निघून जातं. बोर्ड असेपर्यंत टिकतात त्या तीन गोष्टी: फळीचा आकार, तिचं लाकूड आणि ती ज्या साच्यात दाबली गेली त्या साच्याने तिला दिलेला बाक. शिकणाऱ्याचा तोल, त्याची भीती आणि त्याचा आनंद फळीच्या या तीन गोष्टींवर अवलंबून असतो.

पहिला बोर्ड घेणाऱ्या तरुणांनी आणि मुलांना तो घेऊन देणाऱ्या पालकांनी दोन प्रश्नांची उत्तरं आधी शोधावीत. कोणता आकार कशासाठी असतो? आणि फळी कुठे बनली याने नक्की काय फरक पडतो? माझं सांगणं थोडक्यात असं: आकार ठरवावा तो आपण जिथे चालवणार त्या जमिनीवरून, आणि दर्जा ओळखावा तो देशाच्या नावावरून नाही, तर लाकूड, गोंद आणि साचा यांच्यावरून.

फळीची ओळख

स्केटबोर्डच्या लाकडी फळीला डेक म्हणतात. तिच्या खाली दोन धातूचे ट्रक, ट्रकच्या दांड्यांवर चार चाकं, चाकांत बेअरिंग आणि वरच्या बाजूला पाय घसरू नये म्हणून चिकटवलेला खरखरीत ग्रिप टेप. हे सगळं जोडून तयार मिळतं त्याला दुकानात ‘कम्प्लीट’ म्हणतात.

फळीचं पुढचं वळलेलं टोक म्हणजे नोज, मागचं म्हणजे टेल. दोन्ही कडा मध्यापेक्षा किंचित उचललेल्या असतात; या खोलगटपणाला कॉन्केव्ह म्हणतात. पुढच्या ट्रकच्या आतल्या भोकांपासून मागच्या ट्रकच्या आतल्या भोकांपर्यंतचं अंतर म्हणजे व्हीलबेस. रुंदी, लांबी, व्हीलबेस आणि कॉन्केव्ह या चार गोष्टी कळल्या की कोणतीही फळी आपल्याला वाचता येते. फळीची मापं जगभर इंचातच सांगितली जातात, म्हणून इथेही इंचच वापरले आहेत.

आपल्याकडे चाकांवरच्या खेळांची ओळख बहुतेक घरांना रोलर स्केट्समधून झाली आहे. रोलबॉल हा खेळ तर पुण्यातच जन्मला. त्यामुळे पालक दुकानात गेल्यावर सवयीने मुलाच्या बुटाचं माप सांगतात. रोलर स्केट पायात घालायचा असतो, तिथे हे माप चालतं. स्केटबोर्डवर मात्र पाय मोकळा असतो. तो फळीवर आडवा ठेवायचा असतो आणि दर क्षणी सरकवायचा असतो. म्हणून इथे पायाच्या लांबीइतकंच वापरालाही महत्त्व आहे.

आजचा आकार कसा घडला

आज दुकानात सगळ्यात जास्त दिसणारी, दोन्ही टोकं गोल असलेली फळी सुरुवातीपासून तशी नव्हती. १९६० च्या दशकातले बोर्ड साध्या सपाट पाट्या होत्या. त्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात ‘मकाहा’च्या लॅरी स्टीव्हनसन यांनी मागचं टोक वर वळवलं आणि बोर्ड पायाने दाबून उचलता येऊ लागला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी यांनी युरेथेनची चाकं आणली. त्याआधीची मातीची कडक चाकं लहानशा खड्यावरही अडायची. नवी चाकं जमीन पकडू लागली. मग रिकाम्या पोहण्याच्या तलावांत, उतारांवर आणि वाडग्यासारख्या खोलगट बाउलमध्ये खेळ रंगला, आणि तोल राखण्यासाठी फळ्या रुंद होत गेल्या. १९८० च्या दशकातल्या फळ्या १० इंचांपर्यंत रुंद, माशाच्या आकाराच्या, नोज आखूड आणि टेल लांब अशा असायच्या.

त्याच सुमारास खेळाची दिशा बदलत होती. फ्लॉरिडाच्या ॲलन गेलफँडने १९७० च्या दशकाच्या अखेरीस हात न लावता बाउलच्या भिंतीवर बोर्ड हवेत नेण्याची युक्ती काढली. तिला ‘ऑली’ हे नाव पडलं. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉडनी मलन याने ती सपाट जमिनीवर करून दाखवली. मागच्या पायाने टेल जमिनीवर आपटायची, त्याच क्षणी उडी घ्यायची आणि पुढचा पाय ग्रिपवरून घासत नोजकडे न्यायचा. पुढच्या पायाच्या त्या ओढीने बोर्ड पायाखाली समतल होतो. या एका हालचालीवर आजचं सगळं स्ट्रीट स्केटिंग उभं आहे.

ऑली आली तशी वर वळलेल्या नोजची गरज निर्माण झाली, आणि बोर्ड उलट्या दिशेनेही चालावा असं वाटू लागलं. १९८९ मध्ये ‘वर्ल्ड इंडस्ट्रीज’ने माइक व्हॅलेलीच्या नावाची ‘बार्नयार्ड’ फळी काढली. दोन्ही टोकं वळलेल्या सुरुवातीच्या फळ्यांमध्ये तिचं नाव घेतलं जातं. पुढच्या तीन-चार वर्षांत माशाचा आकार मागे पडला आणि दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी, आइसकँडीच्या काडीसारखी दिसणारी फळी सर्वत्र झाली. तिचं नावच पॉप्सिकल. प्रत्येक आकार असा खेळातल्या एखाद्या गरजेतून आलेला आहे. म्हणून आकार निवडताना आपली गरज आधी नेमकी ओळखावी लागते.

कोणता आकार कशासाठी

*पॉप्सिकल.* रुंदी साधारण ७.५ ते ८.५ इंच, लांबी ३१ ते ३२ इंच, व्हीलबेस १४ इंचांच्या आसपास. नोज आणि टेल सारखीच वाटतात, पण नोज सहसा किंचित लांब आणि जास्त उचललेलं असतं. ऑली, किकफ्लिप, पायऱ्या, लेज, रेल, रॅम्प असं सगळं काही शिकायचं असेल तर हीच फळी घ्यावी. ऑलिम्पिकमध्ये २०२१ च्या टोकियो स्पर्धांपासून जे स्ट्रीट आणि पार्क प्रकार दिसतात, ते याच घराण्यातल्या फळ्यांवर खेळले जातात. टोकियोत मोमिजी निशिया ही तेरा वर्षांची जपानी मुलगी स्ट्रीटची सुवर्णपदक विजेती ठरली, तीही अशाच फळीवर.

*जुने आकार.* ९ ते १० इंच रुंद, चौकोनी किंवा माशाच्या शेपटीसारखी टेल, आखूड नोज. पाय ठेवायला ऐसपैस जागा, त्यामुळे बाउलमध्ये आणि रस्त्यावर फिरताना स्थिर वाटतात. पण वजनाला जड आणि उलटवायला अवघड. गेल्या काही वर्षांत या आकारांना पुन्हा मागणी आली आहे. मोठ्या पायाच्या, उंच माणसाला ज्याला युक्त्यांपेक्षा मनमुराद वळणं घ्यायची आहेत, त्याला हा आकार आवडेल. पहिला बोर्ड म्हणून ऑली शिकायला मात्र हा घेऊ नये.

*क्रूझर.* लांबी साधारण २६ ते ३० इंच, बहुधा फक्त टेल वळलेली, मऊ आणि थोडी मोठी चाकं. कॉलेजच्या आवारात, सोसायटीच्या रस्त्यावर, घरापासून बसथांब्यापर्यंत जायला सोयीचा. प्लॅस्टिकचे २२ इंची छोटे बोर्ड याच प्रकारात मोडतात. ते पाण्याने खराब होत नाहीत आणि दप्तराला अडकवता येतात, पण फळी इतकी अरुंद आणि आखूड असते की नवशिक्याचा तोल पटकन जातो. ‘मुलगा लहान आहे, म्हणून लहान बोर्ड’ हा विचार इथे फसतो. लहान मुलाला उलट पाय ठेवायला पुरेशी जागा हवी.

*लाँगबोर्ड.* ३६ इंचांपासून ४४-४६ इंचांपर्यंत. टोकाकडे निमुळती होत जाणारी फळी म्हणजे पिनटेल. ती लाटेवर घसरल्यासारखी हळुवार वळणं घेते. ट्रक फळीला भोक पाडून वरून बसवलेला असेल तर त्याला ड्रॉप-थ्रू म्हणतात. त्यात फळी जमिनीच्या जवळ येते, पायाने ढकलायला कमी श्रम पडतात आणि वेगातही बोर्ड कमी डगमगतो. लांब पल्ला, उतार आणि वळणं यांसाठी हा प्रकार आहे. तिशी-चाळिशीत पहिल्यांदा शिकणाऱ्यांनी ड्रॉप-थ्रू लाँगबोर्डचा विचार जरूर करावा, कारण आत्मविश्वास लवकर येतो.

*सर्फस्केट.* पुढचा ट्रक असा असतो की तो खोलवर वळतो आणि कंबर फिरवून, पाय न टेकता बोर्ड पुढे नेता येतो. समुद्रात सर्फिंग शिकणाऱ्यांना जमिनीवर सरावासाठी हा उपयोगी पडतो. ‘कार्व्हर’ या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने १९९० च्या दशकात तो रूढ केला. गोव्यात किंवा सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर सर्फिंग करणाऱ्यांनी लाटा नसलेल्या महिन्यांत तो वापरून पाहावा.

आपले रस्ते काय मागतात

परदेशातल्या व्हिडिओंमध्ये गुळगुळीत काँक्रीट दिसतं. आपल्याकडच्या बहुतेक मुलांच्या वाट्याला येतात ते पेव्हर ब्लॉक, सोसायटीच्या आवारातल्या शहाबादी फरशा, डांबराचे खडबडीत पट्टे आणि दर काही मीटरवर गतिरोधक. स्केटिंगसाठी ५२ ते ५४ मिलिमीटरची, ९९ए (‘ए’ हे कडकपणाचं माप) किंवा त्याहून कडक चाकं पॉप्सिकलवर सर्रास लावलेली असतात. ती गुळगुळीत जागेवर उत्तम, पण पेव्हर ब्लॉकवर पायाला मुंग्या आणतात आणि छोट्या खड्यावर थबकून चालवणाऱ्याला पुढे फेकतात. नवशिक्यांच्या पडण्याचं हे एक मोठं कारण असतं, आणि दोष मात्र मुलाच्या तोलाला दिला जातो.

यावर सोपा उपाय आहे. मुलाला युक्त्या शिकायच्या असतील पण जागा खडबडीत असेल, तर पॉप्सिकल फळीच घ्या आणि चाकं ७८ए ते ८७ए अशी मऊ लावा. चाकं ५६ मिलिमीटरपेक्षा मोठी असतील तर ट्रकखाली पाव सेंटिमीटर जाडीचा रायझर पॅड टाका, म्हणजे वळताना चाक फळीला घासून बोर्ड अचानक थांबणार नाही. एकाच फळीला कडक आणि मऊ असे चाकांचे दोन संच ठेवता येतात. वांद्र्याच्या कार्टर रोडवरच्या स्केटपार्कसारखी गुळगुळीत जागा जवळ असेल तर तिथे कडक चाकं, घराजवळ मऊ. नवीन बोर्ड घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

रुंदीचं गणित

पॉप्सिकल ठरली की रुंदी ठरवा. सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ७ ते ७.५ इंच रुंद आणि २८-३० इंच लांबीच्या खास लहान फळ्या मिळतात. नऊ-दहा ते बारा-तेरा वयात ७.५ ते ७.७५ किंवा उंच मुलाला ८. त्याहून मोठ्यांना ८ ते ८.२५ ही सगळ्यात निर्धोक निवड. ९-१० नंबरचा बूट घालणाऱ्याने ८.२५ किंवा ८.५ घ्यावी. अरुंद फळी हवेत पटकन फिरते. रुंद फळीवर उतरताना पाय नीट सापडतो. रॅम्प आणि बाउल आवडत असतील तर पाव इंच रुंद घ्या.

ट्रक फळीच्या रुंदीचे हवेत. ट्रकचा दांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फळीच्या रुंदीइतका, फार तर पाव इंचाने कमी-जास्त. ‘इंडिपेंडंट’ या १९७८ पासूनच्या कंपनीचे आकडे अनेक दुकानदार संदर्भासाठी सांगतात: १३९ हा ट्रक ८ इंची फळीला, १४४ हा ८.२५ ला, १४९ हा ८.५ ला. दुसऱ्या कंपनीचा ट्रक घेत असाल तर तिचा नंबर न पाहता दांड्याची इंचातली रुंदी विचारा, कारण प्रत्येक कंपनीची नंबर देण्याची पद्धत वेगळी आहे.

कॉन्केव्हबाबत नवशिक्यांनी मध्यम निवडावा. फार खोल कॉन्केव्ह असला की फळी पायाच्या इशाऱ्यावर लगेच फिरते, पण तासभर उभं राहिल्यावर तळपाय दुखतो. अगदी सपाट फळीवर पाय कडेपर्यंत गेला हे कळत नाही.

लाकूड, गोंद आणि साचा

चांगली फळी म्हणजे साधारण दीड मिलिमीटर जाडीचे मेपलचे सात थर. हा मेपल उत्तर अमेरिकेतला, ज्याच्या रसापासून मेपल सिरप करतात तो. अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरच्या पंचमहासरोवरांच्या परिसरात हिवाळा लांब आणि वाढीचा काळ छोटा असतो. झाड सावकाश वाढतं, लाकूड घट्ट होतं. मेपल कडक तर आहेच, शिवाय वाकून पुन्हा जागेवर येण्याचा गुण त्याच्यात आहे. टेल जमिनीवर आपटल्यावर फळी जी उसळी देते, जिला स्केटर ‘पॉप’ म्हणतात, ती या गुणातून येते.

सात थर एकाच दिशेने लावलेले नसतात. बहुतेक फळ्यांत पाच थरांचे तंतू लांबीच्या दिशेने आणि दोन थरांचे आडवे असतात. उभे थर फळीला नोजपासून टेलपर्यंत ताकद देतात. आडवे थर तिला मधोमध उभी चिरू देत नाहीत. दुकानात फळी आडवी धरून कड पाहा. काही थर गडद आणि किंचित खरबरीत दिसतील. ते आडवे थर, कारण तिथे लाकडाच्या तंतूंची कापलेली टोकं आपल्यासमोर असतात.

या थरांना गोंद लावून ते एकावर एक रचतात आणि वर-खाली साचे असलेल्या हायड्रॉलिक प्रेसमध्ये दाबतात. नोज, टेल आणि कॉन्केव्ह तिथेच तयार होतात. बाहेर काढलेली फळी काही दिवस मुरू देतात, मग आठ भोकं पाडतात, करवतीने बाहेरचा आकार कापतात, कडा गोल करतात, घासतात, रंग-लाख लावतात आणि शेवटी चित्र चढवतात. म्हणजे पॉप्सिकल, मासा किंवा अंड्यासारखा बाहेरचा आकार अखेरीस करवतीचं काम आहे. फळीचा स्वभाव त्याआधीच प्रेसमध्ये ठरलेला असतो. एकाच साच्यातून निघालेल्या दोन वेगळ्या आकाराच्या फळ्या पायाला बऱ्याच सारख्या वाटू शकतात, आणि दोन साच्यांतून आलेल्या, कागदावर सारख्याच मापाच्या फळ्या वेगळ्या.

इथे खर्च वाचवण्याची एक जागा आहे. एका साच्यात एकच फळी दाबली तर तिचा बाक अचूक येतो. चार-पाच फळ्या एकावर एक ठेवून एकदम दाबल्या तर काम झपाट्याने होतं, पण वरच्या आणि खालच्या फळीच्या कॉन्केव्हमध्ये फरक पडतो. म्हणून कधी कधी एकाच कंपनीची, त्याच मापाची दुसरी फळी पहिलीसारखी लागत नाही. एकेरी दाबलेल्या फळीवर बरेच ब्रँड तसा उल्लेख करतात. गोंदाचंही तसंच. पाण्यात मिसळणारा लाकडाचा गोंद सर्रास वापरतात आणि तो चांगलं काम करतो; इपॉक्सी रेझिन महाग, पण ओलाव्याला जास्त दाद देत नाही. आपल्या किनारपट्टीवर हा फरक महत्त्वाचा ठरतो.

लाँगबोर्डचा हिशेब वेगळा. तिथे लवचीकपणा हवा असतो, म्हणून बांबू आणि फायबरग्लासचे थर वापरतात. बांबूचा लाँगबोर्ड म्हणजे स्वस्त माल असा समज करून घेऊ नका. या प्रकारात तो उत्तम पर्याय आहे.

फळी कुठे बनते

१९९० च्या दशकापर्यंत या धंद्याचं केंद्र कॅलिफोर्निया होतं. मजुरी आणि जागेचे भाव वाढत गेले तसं उत्पादन दोन दिशांना सरकलं. एक वाट सान दिएगोच्या सीमेपलीकडे, मेक्सिकोतल्या तिहुआना शहरात गेली. ‘प्रोफेसर’ म्हणून ओळखले जाणारे पॉल श्मिट १९८० च्या दशकापासून फळ्या बनवत आले आहेत. त्यांच्या ‘पीएस स्टिक्स’ने तिथे काम नेलं, आणि ‘बीबीएस’चा कारखानाही तिथलाच. रियल, अँटी-हीरो यांसारख्या नावांच्या फळ्या तिथून बाहेर पडल्या आहेत. दुसरी वाट चीनला गेली. रॉडनी मलन आणि डेवॉन साँग यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘ऑलमोस्ट’च्या आणि तिच्या भावंडांच्या, म्हणजे ‘एंजॉय’, ‘ब्लाइंड’ यांच्या फळ्या अनेक वर्षं चीनमध्ये बनत आल्या. इपॉक्सी रेझिन वापरलेल्या आणि कार्बन फायबरची जोड दिलेल्या फळ्याही त्यांनी तिथेच बनवल्या. युरोपात स्पेनच्या बास्क प्रांतातल्या ‘एचएलसी’ या कारखान्याचं नाव मोठं. ‘जार्ट’च्या फळ्या त्याच घरच्या. अमेरिकेत उत्पादन संपलं असंही नाही. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर डिअर पार्क इथे चॅपमन कुटुंब १९९० च्या दशकापासून फळ्या दाबत आहे.

एकाच छापखान्यात अनेक प्रकाशकांची पुस्तकं छापली जातात, तसा हा व्यवहार चालतो. लाकूड पंचमहासरोवरांजवळचं, प्रेस तिहुआनात किंवा चीनमध्ये, आणि नाव कॅलिफोर्नियातल्या कंपनीचं. एक कारखाना पाच-दहा ब्रँडना माल देतो आणि एखादा ब्रँड काही वर्षांनी कारखाना बदलतो. त्यामुळे फळीवरचं नाव आणि तिचा दर्जा यांचं नातं कायमचं नसतं.

याचा खरेदीत उपयोग असा. ‘कॅनेडियन मेपल’ असं लिहिलं असेल तर ते लाकडाबद्दल आहे. फळी कॅनडात बनली असा त्याचा अर्थ नाही. ‘मेड इन चायना’ दिसलं म्हणून फळी खाली ठेवू नका. त्याच देशात ऑलिम्पिक दर्जाच्या खेळाडूंना पुरतील अशा फळ्याही बनतात आणि खेळण्यांच्या दुकानातले, पॉपलर किंवा स्थानिक हलक्या मेपलचे, महिनाभरात टेल मऊ पडणारे बोर्डही. दोन्हींवर देश एकच असतो. कॅनेडियन किंवा अमेरिकन मेपल, सात थर, एकेरी दाब, इपॉक्सी हे शब्द पाकिटावर किंवा विक्रेत्याच्या वर्णनात आहेत का ते पाहा. ‘हाय क्वालिटी वूड’ एवढंच लिहिलं असेल तर समजा की सांगण्यासारखं लाकूड नाही.

आयात केलेल्या पॅकबंद वस्तूवर मूळ देश, आयातदाराचं नाव-पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापणं आपल्याकडे वैधमापनाच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. ऑनलाइन विक्रेत्यांनाही मूळ देश दाखवावा लागतो. आयातदाराचा पत्ताच नसलेला बोर्ड घेऊ नका. त्यात काही दोष निघाला तर दाद मागायला कुणीच सापडत नाही.

अमेरिका किंवा कॅनडातून नातेवाईक येणार असतील तर त्यांच्याकडून नुसती फळी मागवणं शहाणपणाचं. ३२ इंची फळी मोठ्या बॅगेत तिरकी बसते. पण ‘चांगला स्केटबोर्ड आण’ असा निरोप देऊ नका. रुंदी, लांबी आणि आकार लिहून पाठवा, आणि ट्रक-चाकं इथे काय आहेत तेही कळवा.

हातात घेऊन तपासा

दुकानात उभं राहून पाच मिनिटांत बरंच कळतं. पहिलं, कड पाहा. सात थर मोजा. थरांमध्ये कुठे फट, गोंदाचा सुका ओघळ किंवा पुट्टी भरल्याचा डाग दिसतो का? दुसरं, फळी डोळ्यांच्या रेषेत धरून नोजकडून टेलकडे पाहा. एक कोपरा वर आणि एक खाली दिसला तर फळी पिळलेली आहे. कम्प्लीट असेल तर काउंटरच्या काचेवर ठेवा. चारही चाकं टेकली पाहिजेत. एखादं चाक अधांतरी राहिलं तर ट्रक किंवा फळी वाकडी आहे. तिसरं, टेलवर बोटाच्या सांध्याने ठोका. भरीव, खणखणीत आवाज यावा. बद्द आवाज आला तर आत थर सुटलेले असू शकतात. चौथं, आठही भोकं सरळ रेषेत आहेत का ते पाहा. तिरक्या भोकांमुळे ट्रक तिरका बसतो आणि बोर्ड सतत एका बाजूला ओढतो. पाचवं, मुलाला त्याच्या नेहमीच्या सपाट तळाच्या बुटांत फळीवर उभं करा. बूट कडेच्या थोडा बाहेर आला तर हरकत नाही. टाच आणि चवडा दोन्ही लोंबकळू नयेत.

बजेट कमी असेल तर नवशिक्याने नामांकित दुकानातला किंवा क्रीडासाहित्याच्या मोठ्या साखळीतला मेपलचा कम्प्लीट घ्यावा. नामवंत ब्रँडची नुसती फळी आणि असा पूर्ण बोर्ड यांच्या किमती अनेकदा जवळपास असतात. ऑली नीट जमू लागली आणि टेल झिजली की मग चांगली फळी घ्या. ट्रक, चाकं, बेअरिंग तीच चालतील. खिशात जास्तीचे पैसे असतील तर ते आधी हेल्मेटवर खर्च करा, मनगटाच्या आणि गुडघ्याच्या पॅडवर करा.

पावसाळा आणि फळी

मेपल ओलावा पितो. मुंबईत आणि कोकणात जूनपासून चार महिने हवाच ओली असते. ओल्या रस्त्यावर एकदा चालवलेली फळीसुद्धा कडेने पाणी ओढते, जड होते, पॉप जातो, आणि पुढे थर सुटू लागतात. बेअरिंगला गंज धरतो तो वेगळाच. पाऊस लागलाच तर कोरड्या कपड्याने पुसा, ट्रक काढा आणि फळी पंख्याखाली आडवी ठेवून वाळवा. उन्हात किंवा गाडीच्या बंद डिकीत ठेवू नका, उष्णतेने ती पिळते. भिंतीला एका टोकावर तिरकी टेकवून महिनोन्‌महिने ठेवू नका. टेल जमिनीवर ओढत थांबण्याची सवय मुलांना लागते, तिने टेल धारदार होऊन फुटते. पाय टेकून थांबायला सुरुवातीपासून शिकवा. फळीच्या मधल्या भागात, विशेषतः ट्रकच्या बोल्टजवळ, आडवी चीर दिसली तर त्या फळीवर उड्या मारणं लगेच बंद करा. ती पुढच्या उतरण्याला तुटू शकते, आणि तुटलेल्या फळीचे काठ पायात घुसतात.

दुकानात विचारायचे प्रश्न

आता क्रम लावू. मी कुठे चालवणार, गुळगुळीत जागेवर की पेव्हर ब्लॉकवर? मला युक्त्या शिकायच्या आहेत की फिरायचंय? त्यावरून आकार आणि चाकं. मग माझी उंची आणि पाय यांवरून रुंदी. मग विक्रेत्याला विचारा: लाकूड कोणतं, थर किती, गोंद कोणता, एकेरी दाबलेली आहे का, कोणत्या कारखान्यात बनली? चांगल्या स्केट दुकानात काम करणारी मुलं बहुधा स्वतः स्केट करतात आणि या प्रश्नांनी खूश होतात. ज्याला एकाचंही उत्तर देता येत नाही त्याच्याकडून घेऊ नका. एवढं झाल्यावर उरलेल्या दोन-तीन फळ्यांमधून मुलाला त्याच्या आवडीचं चित्र निवडू द्या. तो निर्णय पूर्णपणे त्याचाच असावा. आवडता बोर्ड मूल रोज संध्याकाळी बाहेर काढतं, आणि स्केटबोर्डिंग येतं ते या रोजच्या सरावानेच.